गाडीचं ॲव्हरेज वाढवायचंय? आधी ब्रेकवरचा पाय बघा

माझ्याकडं पेट्रोलची छोटी गाडी आहे, आठ वर्षं जुनी. रोज कोल्हापुरात राजारामपुरीतनं गोकुळ शिरगाव एमआयडीसी आणि महिन्यातनं एकदा गगनबावड्यावरनं घाट उतरून कोकणात सासुरवाडी, एवढाच तिचा प्रवास. ही गाडी मला साडेपंधराचं ॲव्हरेज द्यायची. प्लग बदलून झाले, एअर फिल्टर बदलून झाला, कुणीतरी सांगितलं म्हणून पेट्रोलमध्ये टाकायचं औषध पण टाकून बघितलं, फरक शून्य. आता तीच गाडी त्याच रस्त्यावर १९ देते आणि हे कुठल्या पार्टमुळं नाही, पायामुळं झालंय. म्हणून सगळं हिशोबासकट लिहितोय, कारण "हळू चालवा" एवढंच सांगून कुणाला काही कळत नाही. हळू म्हणजे किती, कुठं, आणि का, हे एकदा डोक्यात बसलं की पाय आपोआप बदलतो.

आधी मोजायला शिका

डॅशबोर्डवरचा आकडा बघून ठरवू नका, तो बऱ्याच गाड्यांत थोडा चढाच दाखवतो. टाकी फुल करा, पंपाचं नोझल पहिल्यांदा कट झालं की तिथंच थांबवा, "अजून बसवतो साहेब" म्हटला तरी नको म्हणा, ट्रिप मीटर शून्य करा. मग टाकी पाव राहीपर्यंत चालवा आणि शक्यतो त्याच पंपावर, त्याच मशीनला परत पहिल्या कटपर्यंत फुल करा. किलोमीटर भागिले लिटर, झालं ॲव्हरेज. एका टाकीवरनं निष्कर्ष काढू नका, तीन टाक्यांचा एकत्र हिशोब घ्या. आणि एकत्र म्हणजे सगळे किलोमीटर एका बाजूला, सगळे लिटर एका बाजूला. इथं लई जण चुकतात. समजा १०० किमी गाडीनं १० चं दिलं आणि पुढचे १०० किमी २० चं दिलं, तर सरासरी १५ नाही येत, कारण पेट्रोल गेलं १० अधिक ५ म्हणजे १५ लिटर, किलोमीटर २००, मग ॲव्हरेज १३.३. म्हणजे शहरातले खराब किलोमीटर हायवेच्या चांगल्या किलोमीटरांपेक्षा जास्त महागात पडतात, आणि सुधारायला वाव पण शहरातच जास्त आहे.

अजून एक. आता पंपावर मिळतं ते २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल. हे इथेनॉल आपल्या जिल्ह्यातल्या साखर कारखान्यांतपण बनतं, त्याचं मला कौतुकच आहे, पण एक लिटर इथेनॉलमध्ये ऊर्जा पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांशानं कमी असते, त्यामुळं मिश्रणाच्या लिटरमागं ऊर्जा जवळपास ६-७ टक्के कमी भरते. तेव्हा दहा वर्षांपूर्वीच्या ॲव्हरेजशी आजचं ॲव्हरेज लावून बघू नका, आजचं आजशीच लावा.

पेट्रोल जातं कुठं

या मिश्रणाच्या एका लिटरात साधारण ३० मेगाज्यूल ऊर्जा असते. त्यातली पाऊण ऊर्जा इंजिन उष्णता म्हणून सायलेन्सरमधनं आणि रेडिएटरमधनं बाहेर फेकतं, हातात उरते ती जेमतेम पाव. ही पाव ऊर्जा चार ठिकाणी खर्च होते. टायर रस्त्यावर चेपत-सुटत फिरतो त्यात, हवा बाजूला सारण्यात, चढ चढण्यात, आणि गाडीला वेग देण्यात. यातल्या पहिल्या दोन गोष्टी गेल्या त्या गेल्याच. चढाचं थोडं उताराला परत मिळतं. आणि वेग देण्यात गेलेली ऊर्जा मात्र गाडीतच साठलेली असते, ती तुमच्या मालकीची असते, जोपर्यंत तुम्ही ब्रेक मारत नाही तोपर्यंत.

हे मला कळलं तो दिवस मला आठवतो. दोन माणसं धरून गाडीचं वजन ११०० किलो. ६० च्या स्पीडला तिच्यात साधारण १५३ किलोज्यूल गतिज ऊर्जा असते. इंजिनाच्या हिशोबानं तेवढी तयार करायला साधारण २० एमएल पेट्रोल जातं. ६० वरनं ब्रेक मारून गाडी थांबवली आणि परत ६० ला नेली की २० एमएल, म्हणजे दोन रुपये, ब्रेक पॅड गरम करून हवेत सोडले. घरापासनं कंपनीपर्यंत मी असं किती वेळा करतो ते एक दिवस मोजलं, जाताना १४ वेळा. सगळेच काय ६० वरनं नव्हते, ४० वरनं मारलेला ब्रेक त्याच्या निम्म्यापेक्षापण स्वस्त पडतो, कारण ऊर्जा स्पीडच्या वर्गात वाढते. पण तरी पाव लिटरला लागत आलेलं पेट्रोल मी रोज ब्रेकवर घालवत होतो.

त्यामुळं माझं म्हणणं हेच आहे की ॲक्सिलरेटर हलका दाबा वगैरे सगळं नंतर, आधी ब्रेक कमी करा. आणि ब्रेक कमी करा म्हणजे ब्रेक मारू नका असं नाही, ब्रेक लागणारच नाही असं चालवा.

लांब बघायची सवय

तावडे हॉटेलकडनं शहरात येताना कावळा नाक्यापर्यंतचा रस्ता घ्या. सरळ रस्ता, लांबनं दिसतं. पुढचा सिग्नल लाल दिसतोय, पुढं चार गाड्या उभ्या, एसटीचे मागचे लाल दिवे लागलेत, आणि तरी माणूस ॲक्सिलरेटरवर पाय ठेवून ५० नं त्या लाल सिग्नलकडं पळत असतो आणि शेवटच्या वीस मीटरवर करकचून ब्रेक मारतो. मीपण हेच करायचो. आता मी असं करतो: लाल दिसला की लगेच ॲक्सिलरेटरवरनं पाय काढतो, गिअर आहे तोच, क्लचला हात नाही म्हणजे पाय नाही, गाडी आपली आपली संथ होत जाते. मागचा हॉर्न मारतो, मारू दे, जायचं तर दोघांनाही त्याच सिग्नलला आहे. तीनातल्या एखाद्या वेळी तर मी पोचेपर्यंत हिरवा पडतो आणि गाडी २०-२५ वर चालूच असते. २० वरनं ५० ला न्यायला लागणारी ऊर्जा शून्यावरनं ५० ला नेण्यापेक्षा कमी असतेच, शिवाय पहिल्या गिअरचा आणि हाफ क्लचचा खर्च पूर्ण वाचतो.

स्पीड ब्रेकरला पण हेच. आपल्याकडं स्पीड ब्रेकर कुठं आहेत ते रोजच्या रस्त्यावर पाठ असतातच की, मग ५० मीटर आधी पाय काढायला काय हरकत आहे.

आणि ऊस. गळीत हंगाम सुरू झाला की फुलेवाडीपासनं कळे गावाच्या पुढंपर्यंत दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर. आपण त्याच्या ढुंगणाला चिकटून चालतो, जरा मोकळं दिसलं की रेस, समोरनं गाडी आली की ब्रेक, परत रेस, परत ब्रेक. एवढ्यात दहा मिनिटांत जेवढं पेट्रोल जातं तेवढ्यात मोकळ्या रस्त्यावर दोन गावं पुढं गेलो असतो. त्याऐवजी ४०-५० मीटर अंतर ठेवा, दुसऱ्या किंवा तिसऱ्या गिअरला गाडी एकसारखी चालू द्या, अंतर असल्यामुळं पुढचा रस्तापण दिसतो, आणि जिथं खरंच मोकळं आहे तिथं एकदाच नीट ओव्हरटेक. रात्री तर हे अंतर पेट्रोलपेक्षा जिवासाठी ठेवा, काही ट्रॉल्यांना मागं दिवा नसतो, रिफ्लेक्टर नसतो, आणि वाढे, म्हणजे उसाचे शेंडे, बाहेर लोंबत असतात.

न्यूट्रलचं काय

हा आमच्या घरातला वादाचा विषय. घाट उतरताना आबा शेजारी बसले की ठरलेलं, "न्यूट्रल टाक की रे, फुकट इंजिन कशाला पळवतोस." आबांनी आयुष्यभर कार्ब्युरेटरच्या गाड्या चालवल्या आणि त्यांच्या गाड्यांसाठी यात थोडं तथ्य होतं, कारण कार्ब्युरेटर उताराला पण थोडं थोडं पेट्रोल सोडतच राहतो. आताच्या इंजेक्शनच्या गाड्यांत कॉम्प्युटर बघतो की ॲक्सिलरेटर पूर्ण सोडलाय, गाडी गिअरमध्ये आहे आणि इंजिन चाकांमुळं फिरतंय, मग तो पेट्रोल सोडणारे इंजेक्टर बंदच करतो. पेट्रोल शून्य. इंजिन साधारण १२०० ते १५०० आरपीएमच्या (मिनिटाला तेवढे फेरे) खाली आलं की मग परत सुरू करतो. न्यूट्रलला मात्र इंजिनाला स्वतःच्या जिवावर फिरत राहायचं असतं, त्याला तासाला ०.६ ते ०.८ लिटर लागतं. म्हणजे २० मिनिटांचा घाट न्यूट्रलला उतरलात तर २०० एमएलच्या वर गेलं आणि गिअरमध्ये उतरलात तर जवळपास काहीच नाही.

आणि आता खरं महत्त्वाचं. काही वर्षांपूर्वी मी आबांचं ऐकून गगनबावड्याचा करूळ घाट न्यूट्रलला उतरलो होतो. निम्म्यात जळका वास यायला लागला, मला वाटलं पुढच्या ट्रकचा असेल, मग एका वळणावर ब्रेकचं पेडल नेहमीपेक्षा खोल गेलं. गाडी जिथं जागा मिळाली तिथं कडेला घेतली, चाकाजवळ हात नेला तर धग लागत होती, पाऊण तास तिथंच बसलो सगळे, पोरगी मागच्या सीटवर झोपलेली. तिथं बसल्या बसल्या मी हिशोब केला. ११०० किलोची गाडी ५०० मीटर खाली आली की साडेपाच मेगाज्यूलच्या आसपास ऊर्जा कुठंतरी जायला पाहिजे. त्यात १७ लिटर पाणी उकळीला येतं, कळशी भरून. यातली बरीचशी उष्णता मी चार चाकांच्या ब्रेकमध्ये घातली होती. गिअरमध्ये असतो तर त्यातली बरीच इंजिनानं घेतली असती.

तेव्हा घाटाला साधा नियम, ज्या गिअरनं चढाल त्याच गिअरनं उतरा. दुसरा किंवा तिसरा. इंजिन बंद करून उतरणं तर कधीच नाही, ब्रेकला मदत करणारा व्हॅक्यूम दोन-तीन दाबात संपतो, मग पेडल दगडासारखं होतं, पॉवर स्टिअरिंग जातं आणि चावी उलट फिरली तर स्टिअरिंग लॉक.

एक बारीक गोष्ट इथं सांगायला पाहिजे. गिअरमध्ये पाय सोडला की इंजिन गाडीला मागं ओढतं, त्यामुळं गाडी न्यूट्रलपेक्षा लवकर संथ होते. म्हणून जिथं थांबायचंय किंवा स्पीड आवरायचाय तिथं पूर्ण पाय सोडा, आणि जिथं नुसता हलका उतार आहे आणि स्पीड टिकवायचाय तिथं वरचा गिअर आणि ॲक्सिलरेटरवर नुसतं बोट ठेवल्यासारखा पाय.

पिकअप घेताना लई घाबरू नका

मी सुरुवातीला अंड्यावर पाय ठेवल्यासारखा ॲक्सिलरेटर दाबायचो, ० वरनं ५० ला जायला अर्धा मिनिट. ॲव्हरेज फारसं वाढलं नाही. कारण असं आहे की पेट्रोल इंजिनात हवा किती आत घ्यायची ते थ्रॉटलची झडप ठरवते. पाय हलका असला की झडप जवळजवळ मिटलेली, आणि इंजिनाला त्या फटीतनं हवा ओढायला जोर लावायला लागतो. रसवंतीवर उसाचा रस पिताना स्ट्रॉ बोटानं दाबून धरा आणि ओढून बघा, गाल दुखतील, रस थोडाच येईल. तसंच. वरनं इंजिनाच्या आतलं घर्षण प्रत्येक फेऱ्याला द्यायलाच लागतं, म्हणजे जेवढे फेरे जास्त तेवढा फुकटचा खर्च जास्त. ६० च्या स्पीडला तिसऱ्या गिअरला इंजिन ३००० च्या आसपास फिरतं, पाचव्याला १८०० च्या आसपास. काम तेच, फेरे जवळपास निम्मे.

म्हणून कृती अशी: ॲक्सिलरेटर निम्म्याच्या जरा पुढं दाबा, ठाम, पण पूर्ण नाही. २००० ते २५०० आरपीएमला वरचा गिअर टाका, डिझेल असेल तर १८०० ते २०००. पहिला गिअर फक्त गाडी हलवायला. पाहिजे तो स्पीड आला की टॉप गिअर आणि पाय हलका. इंजिन थरथरायला लागलं, धडधड आवाज आला तर गिअर जास्त वरचा झालाय, एक खाली घ्या, तसंच ओढत नेलं तर इंजिनाला त्रास आणि पेट्रोलही वाचत नाही.

आणि हे सगळं पुढं रस्ता मोकळा असेल तरच. पुढं १०० मीटरवर सिग्नल लाल असताना ठाम पिकअप घेतला तर मघाचाच २० एमएलचा हिशोब.

चढाला दर १०० मीटर उंचीला या गाडीला साधारण १४५ एमएल जादा लागतं, पन्हाळ्याला जा नाहीतर आंबा घाटातनं या, ते टळत नाही. फक्त चढाच्या आधी गिअर खाली घ्या, मध्यावर गाडी मेल्यावर नाही.

हायवेला किती

हवेचा विरोध स्पीडच्या वर्गात वाढतो. माझ्या गाडीच्या आकाराचा हिशोब काढला तर ६० ला हवा साधारण ११० न्यूटननं मागं ढकलते, ८० ला १९०, १०० ला ३००, १२० ला ४३५. टायरचा विरोध जवळपास तेवढाच राहतो, १३० च्या आसपास. म्हणजे ६० पर्यंत टायर मोठा खर्च, त्याच्या वर हवा मोठा खर्च. ८० ला एकसारखं जायला इंजिनाकडनं फक्त दहाएक हॉर्सपॉवर लागते, बाकीची ७० झोपलेली असते.

कोल्हापूर ते सातारा १२० किमी धरा. ८० नं दीड तास, १०० नं एक तास बारा मिनिटं, १८ मिनिटं वाचतात. माझी गाडी ८० ला २२ देते आणि १०० ला साडेसतरा, म्हणजे या १८ मिनिटांना जवळपास दीड लिटर. कुणी आजारी असेल, गाडी पकडायची असेल तर जा की, पण किणी टोलनाक्यावर रांगेत उभं राहायलाच १२० नं पळण्यात काय अर्थ आहे. मी ८० ते ८५ धरतो आणि डाव्या लेनमध्ये राहतो. टेकाडांचा रस्ता असेल तर स्पीड काट्यासारखा एकच धरून बसू नका, चढाला ७५ झाला तर होऊ दे, उताराला ८५ आपोआप होईल.

ट्रकच्या मागं चिकटून गेलं की हवा कमी लागते हे खरं आहे. पण तो फायदा मिळेल इतकं जवळ गेलात तर ट्रकनं ब्रेक मारल्यावर तुमच्याकडं वेळच उरत नाही. ते करू नका, कुणी सांगितलं तरी.

बाकीचं, पटापट

टायरमधली हवा दर पंधरा दिवसांनी, सकाळी गाडी थंड असताना, दोन-तीन किलोमीटरच्या आतल्या पंपावर. किती भरायची ते ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावर स्टिकर असतं, पंक्चरवाल्याच्या अंदाजानं नको. शहरातल्या स्पीडला टायर हाच मोठा खर्च असल्यामुळं हे फुकटातलं सगळ्यात मोठं काम आहे. जास्तही भरू नका, आपल्या जुलैतल्या पावसात पकड जाते. नायट्रोजनसाठी वेगळे पैसे द्यायची गरज नाही, साध्या हवेत ७८ टक्के तोच असतो.

डिकी रिकामी करा. माझ्या डिकीत जुनी बॅटरी, पाण्याचे कॅन आणि कसलं कसलं मिळून ५० किलो निघालं. टपावरचं कॅरिअर लागत नसेल तर काढून ठेवा, हायवेला ते सतत हवा अडवतं.

सिग्नलला ३० सेकंदांपेक्षा जास्त थांबणार असाल तर इंजिन बंद. दाभोळकर कॉर्नरसारख्या ठिकाणी दीड मिनिट थांबलात तर १५-२० एमएल जातं, परत सुरू करायला मात्र दहाएक सेकंद चालू ठेवण्याइतकंच लागतं. फक्त बॅटरी म्हातारी असेल तर आधी ती बघा.

एसीचा कॉम्प्रेसर सहज एक-दीड किलोवॅट घेतो. ४० च्या स्पीडला गाडी चालवायलाच दोनेक किलोवॅट लागतात, म्हणून शहरात एसी लई खातो, आणि हायवेला सातएक किलोवॅटमध्ये तेवढा जाणवत नाही. उन्हात उभी असलेली गाडी आधी काचा खाली करून अर्धा किलोमीटर चालवा, कोंडलेली धग बाहेर जाऊ दे, मग एसी लावा. हायवेला काचा बंदच.

सकाळी पाच मिनिटं उभ्या उभ्या गाडी गरम करत बसू नका, अर्धं मिनिट पुरे, पुढचे दोन-तीन किलोमीटर सबुरीनं घ्या. थंड इंजिन जास्त पेट्रोल पितं, त्यामुळं दूध, भाजी, झेरॉक्स अशा तीन वेगळ्या फेऱ्यांपेक्षा एकच फेरी करा, आणि गल्लीतल्या दुकानाला तर चालतच जा.

सगळं एका दिवसात करायला जाऊ नका, जमत नाही, मी करून बघितलंय. पहिली टाकी नेहमीसारखीच चालवा, नुसतं मोजा. दुसऱ्या टाकीला हवा नीट करा आणि डिकी रिकामी करा. तिसऱ्या टाकीला फक्त ब्रेक मोजा, रोज कामावर पोचल्यावर आकडा वहीत लिहा, बाकी काही बदलू नका. माझे चौदाचे सहा व्हायला तीन आठवडे लागले. चौथ्या टाकीपासनं गिअर आणि हायवेचा स्पीड घ्या, आणि मग चौथी, पाचवी, सहावी अशा तीन टाक्यांचे किलोमीटर आणि लिटर एकत्र करून पहिलीशी लावून बघा.